रोवणीतली तारीख

आमचे सर बसमध्ये कधी बसले नाहीत. गडचिरोलीहून चंद्रपूरला जाणारी सकाळची एसटी सावलीला थांबली की आधी एक फुगलेली कापडी पिशवी आत यायची, मग छत्री, आणि मग सर. तिकीट काढायचे, खिडकीजवळची जागा मिळाली तर तिथं पिशवी बसवायचे आणि स्वतः वरचा दांडा धरून थेट चंद्रपूरपर्यंत उभे. एखादा भला माणूस उठून "बसा जी साहेब" म्हणाला तर त्याच्यावरच खेकसायचे, "कोर्टात मले कोन खुर्ची देते?" नव्या प्रवाशांना वाटायचं, बिचाऱ्याला मूळव्याध असावी.

सर फौजदारी वकील होते. राहायला सावली, काम चंद्रपूरला आणि आसपासच्या तालुक्यांच्या कोर्टांत. आणि आम्ही कायद्याची पोरं. कोणी गडचिरोलीला चढायचं, कोणी व्याहाडला, कोणी मूलला. काहींचं कॉलेज चालू होतं, काहींची पदवी झाली होती आणि सनदेसाठी खटपट चालली होती. सनद म्हणजे वकिली करायचा परवाना. ती नसेल तर पदवीची सुरळी करून कानात घाला. नागपूरला मोठमोठे क्लास होते म्हणे. आमचा क्लास त्या बसमध्ये, सावली ते चंद्रपूर, आणि फी म्हणून सर भुईमुगाच्या शेंगा घ्यायचे. त्या शेंगाही आम्हालाच सोलायला लावायचे.

पद्धत अशी होती. सावली सुटली की सर एक केस सांगायचे. केस खरी, नावं बदललेली. एकानं सरकारी वकील व्हायचं, एकानं आरोपीचा वकील. आधी आमच्या झाडीबोलीत बोलायचं, म्हणजे शेजारच्या सीटवर कोंबडी मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला कळलं पाहिजे. मग तेच कोर्टाच्या मराठीत. मग तेच इंग्रजीत. झाडीत नीट सांगता आलं नाही तर इंग्रजीची पाळीच यायची नाही. आरमोरीचा एक लांबलचक मुलगा आमच्यात होता, त्याचं इंग्रजी फाडफाड. त्याला सरांनी कितीतरी दिवस इंग्रजीपर्यंत पोचू दिलं नाही. "तुले केस समजलीच नाई, म्हनून तू इंग्रजीत जाऊन लपून राह्यला," असं त्याला भर बसमध्ये सांगितलं. तो कानापर्यंत लाल झाला होता.

निकाल प्रवाशांनी द्यायचा. मूल आलं की उतरता उतरता सांगायचं, सोडला की आत टाकला. एक भाजीवाली बाई रोज असायची, वांग्यांची टोपली पायांत धरून. तिनं आयुष्यात कोणाला शिक्षा दिली नाही. खून असो की दरोडा असो, "त्याचे लेकरं असतीन ना जी," एवढाच तिचा कायदा. सर तिला हायकोर्ट म्हणायचे. तिला त्याचा अर्थ कळत होता की नाही देव जाणे, पण ती पदर सावरून बसायची हे नक्की. एकदा त्या आरमोरीच्या मुलानं सरकारी वकील होऊन ठणकावून सांगितलं, आरोपीच्या घरात मोहफुलं सापडली, म्हणजे तो दारू गाळतो यात शंका नाही. त्या दिवशी अर्ध्या बसच्या टोपल्यांत मोहफुलंच होती. बायांनी त्याला असा काही झोडपला, की मूलच्या आधीच आरोपी सुटला आणि सरकारी वकील दारापाशी जाऊन उभा राहिला. सर दिवसभर खुशीत होते. गाईड वाचून आलेल्याची अशीच गत होते, म्हणाले. गाईड म्हणजे दुसऱ्यानं चावलेला विडा, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कोणाच्या पिशवीत गाईड सापडलं तर त्याची पानं फाडून शेंगांची टरफलं गुंडाळायला घ्यायचे.

आता माझं सांगते. मी गडचिरोलीची, शिंप्याची मुलगी. अब्बा वनखात्याच्या गार्ड लोकांच्या खाकी वर्द्या शिवायचे. दुकानात साहेब आला की सगळं घर हळू बोलायचं, आणि साहेब काहीही म्हणो, उत्तर एकच, "जी साहब." कॉलर मोठी झाली? जी साहब. तुम्हीच माप चुकीचं घेतलं? जी साहब. माप साहेबांचंच वाढलेलं असायचं. मी त्या घरात वाढले. कायदा वाचला, पाठ केला, कॉलेजात चांगले मार्क आणले, पण समोर कोणी मोठा माणूस आला की माझ्या तोंडून "होय सर" याशिवाय काही बाहेर पडत नसे.

त्या काळात सनदेचा नवा नियम निघाला होता. पदवी घेतली की लगेच सनद नाही; आधी एक वर्ष सिनिअर वकिलाच्या हाताखाली काढायचं, मग परीक्षा, मग सनद. पुढं काही वर्षांनी तो नियम गेलाही, पण आमची बॅच त्याच्यात बरोबर सापडली. सनद हातात येईपर्यंत कोर्टात तोंड उघडायची आम्हाला एकच मुभा. सिनिअर आले नाहीत तर उभं राहून पुढची तारीख मागायची. मी वर्ष काढलं, लेखी पास झाले आणि तोंडी परीक्षेला नागपूरला गेले. समोर तीन बुजुर्ग वकील. त्यातल्या एकानं गोड आवाजात विचारलं, म्हणजे पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालतो, बरोबर ना? कायद्याच्या पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल की चालत नाही. मी म्हणाले, होय सर. मग त्यांना चेवच आला. ते एकेक उलटं बोलत गेले आणि मी होय सर, होय सर करत गेले. शेवटी तिघंही हसले. अब्बांनी परीक्षेआधीच मोठ्या हौसेनं माझा काळा कोट शिवून दुकानात टांगला होता. मी नापास होऊन आले तेव्हा त्यांनी त्याच्यावर चादर टाकली.

माझं ते वर्ष ज्यांच्या हाताखाली गेलं होतं ते वकील माझ्या निकालानंतर मला ओळखेनासे झाले. तेव्हा मी या सरांकडे आले, म्हणजे त्यांच्या बसमध्ये आले. मी नापास झाल्याचं सांगितलं तर ते म्हणाले, नापास काय असते? तुही तारीख पडली. पुढल्या तारखेले तयारीनं जायचं. मग छत्रीच्या टोकानं मला उभं केलं आणि विचारलं, आज मंगळवार ना? होता बुधवार. मी म्हणाले, होय सर. ही बस गोंदियाले जाते ना? होय सर. बस हसायला लागली. मला वाटलं धरणी दुभंगावी. सर हसले नाहीत. कंडक्टरकडे वळून एवढंच म्हणाले, "ही पोरगी फासाच्या दोरालेही होय सर म्हनंल."

त्यानंतर रोज सकाळी माझ्यावर तोच मारा. खोटं बोलायचे आणि तोंडाकडे बघत राहायचे. सूर्य पश्चिमेला उगवला, वैनगंगा आटली, आमच्या हायकोर्टानं काल कोणाला तरी फाशी सुनावली. मला "नाही सर" म्हणायला लागायचं. सुरुवातीला तोंडून होयच निघायचं. मोठ्या माणसाला नाही म्हणणं म्हणजे आमच्याकडे पायातली चप्पल काढून दाखवण्यासारखं. सर म्हणायचे, कायदा तुले येते. फक्त 'नाई' येत नाई. आणि वकिलाले दोन जागी नाई म्हनता आलं पायजे, साहेबापुढं आन पक्षकारापुढं. पक्षकारापुढचं जास्त कठीण असते.

ते कठीण का असतं हे कळायला आमच्याकडची एक रीत माहीत पाहिजे. आमच्याकडे धान पिकतं, आणि धानाचं सगळं नशीब रोवणीवर. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं; ते वाढले, पाऊस झाला, बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, चिखल झाला की ठराविक दिवसांत ते पऱ्हे उपटून ओळीनं लावावे लागतात. उशीर झाला की पऱ्हे म्हातारे होतात, मग लावून उपयोग नाही. त्याच दिवसांत सगळं गाव बांधीत असतं, मजूर शोधून सापडत नाही. आणि नेमकी त्याच दिवसांत कोर्टाची तारीख आली तर आमचा माणूस काय करतो? गुन्हा कबूल करतो. केला असो नसो. नाही म्हटलं तर साक्षी निघणार, तारखा लागणार, एकेका तारखेला एकेक दिवस जाणार. हो म्हटलं की दंड भरून दुपारी बांधीत. बरेच वकीलही तोच सल्ला द्यायचे, त्यात सगळ्यांचीच सोय. सर याला रोवणीकबुली म्हणायचे. सर पुष्कळ गोष्टींवर चिडत आणि नंतर स्वतःच हसत. या एका गोष्टीवर मात्र मी त्यांना हसताना पाहिलं नाही.

अशाच एका माणसाची केस त्या वर्षी सरांकडे आली. डोमाजीभाऊ नाव, व्याहाडकडचे, साठीच्या पुढचे, गुडघ्यापर्यंत धोतर आणि बोलणं तोलून मापून. त्यांनी भाच्याच्या लग्नासाठी आपली बैलबंडी दिली होती. लग्न झालं, बंडी काही दिवस त्या गावातच राहिली आणि परत येताना वनखात्याच्या नाक्यावर सापडली ती सागवानाच्या ओंडक्यांसकट. हाकणारे पळून गेले. गार्डनं डोमाजीभाऊंच्या दारात येऊन विचारलं, बंडी कोणाची? हे म्हणाले, माझी. मग लाकूडही तुझंच. हे गप्प. आम्ही विचारलं, तुम्ही काऊन नाही सांगितलं की लाकूड माझं नाही म्हणून? तर म्हणाले, "बंडी त माहीच होती ना. मंग मी कोनत्या तोंडानं नाई म्हनू?"

यात अडचण ही, की यापूर्वी दोन वेळा त्यांनी असेच लहानसहान जंगलगुन्हे कबूल केलेले होते, आणि ते कागदावर होतं. तिसऱ्यांदा कबूल केलं की कोर्ट यावेळी दंडावर सोडणार नाही, तुरुंगात टाकणार, हे सरांनी त्यांना उलटसुलट करून समजावलं. डोमाजीभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. "टाकतीन त टाकू द्या जी," म्हणाले, "पन रोवना झाल्यावर टाका म्हना." आम्ही पोरं फिस्सकन हसलो. सरांनी आमच्याकडे असं पाहिलं की हसू जागच्या जागी जिरलं.

त्या हिवाळ्यात सरांचा आवाज गेला. आधी घोगरा झाला, मग चिरका. नागपूरला घशाचं ऑपरेशन झालं आणि सर परत आले ते नुसते फुसफुसत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, याच्या पुढं आता आवाज यायचा नाही. फौजदारी वकिलाचा आवाज जाणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आम्हाला वाटलं क्लास संपला. ऑपरेशनचा टाका पुरता वाळलाही नसेल, सावलीला पिशवी आत आली, छत्री आली, सर आले. दांडा धरून उभे राहिले आणि मला खुणेनं जवळ बोलावलं. माझ्या कानात काहीतरी फुसफुसले आणि हातानं सांगितलं, मोठ्यानं बोल. एसटीचा तो खडखडाट, खिडक्यांच्या काचा थडथडतायत, कोंबड्या ओरडतायत, आणि त्यात मी सरांची वाक्यं ओरडून सांगतेय! पहिल्या दिवशी तिसऱ्या सीटपर्यंतही पोचलं नाही. भाजीवालीनं मागून सांगितलं, बाई, हायकोर्टाले ऐकू नाई आलं. हळूहळू पोचायला लागलं. सर दुसऱ्यांना झापायचे तेही माझ्याच तोंडून. आरमोरीच्या मुलाला "गाढवा, कलम वाचलं का झोपला होतास?" हे मला मोठ्यानं म्हणावं लागायचं. तो माझ्यावर खुन्नस धरून होता, पण मला मनातून फार मजा वाटायची, खोटं कशाला सांगू.

डोमाजीभाऊंची केस आता कोण चालवणार? सरांनी दोघातिघा वकिलांना मला घेऊन जाऊन विचारलं. सगळ्यांचं एकच म्हणणं, कबूल करून टाका, म्हाताऱ्याचं वय पाहून साहेब थोडक्यात सोडतील. सर तिथूनच परत फिरायचे. मधल्या काळात तारीख आली की मी कोर्टात उभी राहायचे आणि सिनिअर आजारी आहेत म्हणून पुढची तारीख मागायचे. माझ्या हातात तेवढंच होतं, आणि डोमाजीभाऊंना नेमकं तेच नको होतं. प्रत्येक तारखेला ते माझ्याकडे असे पाहायचे, जणू ते लाकूड मीच चोरलंय.

एका अशाच तारखेनंतर सर माझ्या कानाशी फुसफुसले, ही केस तुले चालवायची आहे. सनद घेऊन ये. मी घाबरले. विचारलं, आणि परत माझी तारीख पडली तर? सर म्हणाले, "मंग डोमाजी कबूल करंल आन आत जाईल. तुले त्याचं वाईट वाटत असंल, त वाच." एवढं बोलून छत्री उचलून निघाले. मला त्यांचा राग आला. माझी परीक्षा माझ्यापुरती होती, तिच्यात त्यांनी हा म्हातारा आणून बसवला. पण वाचलं. असं वाचलं, की अम्मी म्हणायची, या पोरीला कोणीतरी काहीतरी केलंय.

उन्हाळ्यात परत नागपूर, परत तीन बुजुर्ग. यावेळी मी इतकी तयार होते की आत गेल्यावर त्यांनी पाणी घेणार का विचारलं तर मी "नाही सर" म्हणून बसले, आणि घशाला तर कोरड पडलेली. त्यांनी उलटसुलट प्रश्न टाकले, मी नाही सर, नाही सर करत सुटले. त्या भरात त्यांच्या एका अगदी बरोबर वाक्यालाही नाही म्हटलं. ते बुजुर्ग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिले. मी म्हटलं, माफ करा, हे तुमचं बरोबर आहे. बाकीची तीन चूक होती. एक जण खोकल्यासारखं हसला. मग शेवटचा प्रश्न आला, पक्षकार म्हणतो मला कबूल करायचंय, तुम्हाला ठाऊक आहे त्यानं केलं नाही, तर तुम्ही काय कराल? मला कुठलंही कलम आठवलं नाही. मी त्यांना रोवणी सांगितली. पऱ्हे म्हातारे कसे होतात ते सांगितलं. नागपूरचे वकील ते, बराच वेळ ऐकत राहिले.

पास झाले. सनद हातात आली तेव्हा आषाढ लागला होता, आणि डोमाजीभाऊंच्या केसची तारीख आली ती ऐन रोवणीत.

सर आणि मी त्यांच्या गावी गेलो. डोमाजीभाऊ चिखलानं माखलेले, बैल सोडत होते. त्यांनी ठरवूनच ठेवलं होतं. बायकोचे गुडघे धरलेत, मजूर मिळत नाही, तारखेला सकाळी कोर्टात जाऊन कबूल करायचं आणि दुपारी परत यायचं. आत टाकायचं ते नंतर टाकतील. मी म्हटलं, "नाई. तुम्ही कबूल करायचं नाई." बस आणि परीक्षा सोडली तर इतक्या मोठ्या माणसाला मी पहिल्यांदा असं म्हणत होते. डोमाजीभाऊ चिडले. चिडले की त्यांचा आवाज आणखी खाली जायचा. म्हणाले, तू माह्या नातीयेवढी आहे, मले नको शिकवू. मी पुन्हा म्हटलं, नाई. तेव्हा त्यांनी हातातली दोरी खाली टाकली.

"मंग माहे पऱ्हे कोन लावंल? तुहा कायदा लावंल?"

सरांनी माझा हात धरून मला जवळ ओढलं आणि कानात सांगितलं. मी ते मोठ्यानं सांगितलं, पण सांगताना माझाच विश्वास बसत नव्हता. "सर म्हनते, हो. कायदाच लावंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर बसमध्ये चढले ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट पिशवीत, अंगात काळा कोट तसाच. आणि बस सावलीहून पुढं चंद्रपूरला निघण्याआधी त्यांनी आम्हा पोरांना खाली उतरवलं. आम्ही उलट्या दिशेनं डोमाजीभाऊंच्या बांधीत. कायद्याची पोरं, परीक्षा तोंडावर आलेली, आणि पोटऱ्यांपर्यंत चिखलात! आरमोरीचा मुलगा शेतकऱ्याचाच निघाला, तो सरसर लावत गेला आणि माझ्याकडे वळून वळून पाहत राहिला, इतक्या दिवसांचा सूड उगवत. मी शिंप्याची पोर, बांधीत पाय पहिल्यांदाच घातलेला. माझी ओळ अशी वाकडी गेली की डोमाजीभाऊंची बायको गुडघे धरून बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसली होती ती लंगडत खाली उतरली आणि माझ्यामागून माझेच पऱ्हे उपटून पुन्हा लावायला लागली. सर कोट घालून मधोमध उभे, कमरेत वाकलेले, आणि हातात पऱ्ह्यांची पेंडी. मला जवळ बोलावून प्रश्न सांगायचे, मी ओरडायचे, आणि ज्याला विचारलं त्यानं वाकल्या वाकल्या कलम सांगायचं. चूक झाली तर एक ओळ जास्त. शेजारच्या बांधीतल्या बायांनी गाणं थांबवून आमचा तमाशा पाहिला. डोमाजीभाऊ धुऱ्यावर उभे होते. "असा रोवना त मी जलमात नाई पाह्यला," म्हणाले आणि तोंड फिरवून तंबाखू मळायला लागले. पण संध्याकाळी बांधी हिरव्या दिसत होत्या. वाकड्या, पण हिरव्या.

तारखेला कोर्टात डोमाजीभाऊ धुतलेलं धोतर नेसून आले. माझ्या अंगात कोट, हातात वकीलपत्र. सर मागच्या बाकाशी उभे. साहेबांनी आरोप वाचून दाखवला आणि मान वर न करता विचारलं, गुन्हा कबूल आहे का? डोमाजीभाऊंनी हात जोडले. मग म्हणाले, "बंडी माहीच होती साहेब." साहेबांनी लिहायला पेन टेकवलं. मी उठणार तेवढ्यात डोमाजीभाऊ पुढं म्हणाले, "पन लाकूड माहं नोयतं. नाई कबूल."

साहेबांनी मान वर केली. असं उत्तर रोवणीत त्यांना नवं असावं. त्यांनी पुढची तारीख दिली. ती आली धानाच्या कापणीत. ती केस आम्ही पुढं जिंकलो, हे इथंच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला नको. कापणीलाही आम्हीच गेलो होतो.

मला सांगायचं आहे ते त्या दिवसाचं, कोर्टाच्या बाहेरचं. आवारातल्या टपरीवर आम्ही तिघं चहाला उभे होतो. आजूबाजूला पक्षकार, कारकून, दोनचार वकील. डोमाजीभाऊ आज पहिल्यांदाच मोकळं बोलत होते. मी सहज विचारलं, मागच्या त्या दोन वेळी तरी तुम्ही खरंच लाकूड तोडलं होतं का? ते म्हणाले, नाई जी, तवाबी नाई. मग कबूल काऊन केलं? तर हसून त्यांनी सरांकडे बोट दाखवलं.

"पहिल्या खेपेले हेच साहेब होते ना. जवान होते तवा. मी म्हनलं, साहेब, मी नाई केलं. त म्हनले, कायले वाढवतं, रोवना सुरू आहे, कबूल करून टाक. एका दिसात मोकळं केलं मले. दुसऱ्या खेपेले मंग मी वकीलच नाई केला, रीत त ठाऊक झालती. आता हे कठीण दिसलं, म्हनून याइलेच धुंडत आलो."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यांना सरांचं कौतुक होतं, आणि ते चारचौघांत करायला मिळालं म्हणून ते खूश होते. मी सरांकडे पाहिलं. हातातली बशी तशीच धरलेली, चहा थंड होत चाललेला. मला तिथून निघून जावंसं वाटलं. सरांनी बशी खाली ठेवली आणि डोमाजीभाऊंकडे पाहत ओठ हलवले. टपरीच्या गलबल्यात डोमाजीभाऊंना काही ऐकू गेलं नाही.

"काय म्हनून राह्यले जी साहेब?" त्यांनी मला विचारलं.

सरांनी माझ्या कानाशी तोंड आणून ते पुन्हा सांगितलं, आणि हातानं खूण केली, मोठ्यानं. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी तीच खूण पुन्हा केली.

मग मी सांगितलं. "सर म्हनते, तवा मी चुकलो होतो. मले माफ करा." टपरीवरच्या शेवटच्या माणसापर्यंत ते पोचलं.